सासूबाई सोडून साऱ्या जगाला चालू

"चालत्या गाडीचं चाक बदलतो, आई. आत बसलेल्याला कळणारसुद्धा नाही!"

असं म्हणून धाकट्या जावयाने सासूबाईंच्या बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर लॅपटॉप उघडला. उघडण्याचा थाट असा, की जादूगाराने पेटारा उघडावा.

सासूबाईंचं मोटर ड्रायव्हिंग स्कूल होतं. उभं आयुष्य शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबण्यात गेलेलं. शिकाऊ मंडळी त्यांना पाठीमागे 'ब्रेकबाई' म्हणायची. कुणी नुसतं 'चाक' म्हटलं तरी त्यांचा उजवा पाय आपोआप खाली जायचा. आत्ताही गेला.

"चालत्या गाडीचं चाक बदलत नाहीत, जावईबापू. गाडी बाजूला घेतात, हँडब्रेक ओढतात, मग बदलतात."

"म्हणायची पद्धत असते हो, आई."

"आमच्यात नसते."

धाकट्याचा धंदा दुसऱ्यांच्या वेबसाइटी सांभाळायचा. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका थंडगार खोलीत त्याचा सर्व्हर होता आणि त्या एका मशीनवर फरशीवाला, जनावरांचा डॉक्टर, एकमेकींचं तोंड न बघणारी दोन ब्युटी पार्लरं अशी सगळी गुण्यागोविंदाने नांदत होती. यातलं एकही गिऱ्हाईक त्याने स्वतः मिळवलेलं नव्हतं. सगळ्यांना गाडी सासूबाईंनी शिकवली होती, आणि लायसन्स हातात पडलं तरी त्यांची जरब काही गेली नव्हती. त्या म्हणाल्या "साइट आमच्या जावयाकडे द्या", यांनी दिली.

आता भानगड अशी, की सर्व्हरचे आयपी पत्ते ज्या कंपनीकडून घेतले होते, ती कंपनी ते आज संध्याकाळी पाचला परत घेणार होती. आयपी पत्ता म्हणजे काय, तर दारावरचा नंबर. खोली तीच, सामान तेच, नंबर तेवढा नवा लावायचा. आणि लावता लावता येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट चुकू द्यायची नाही. नेमकं आजच सासूबाईंच्या सुट्टीतल्या बॅचचं बुकिंग उघडणार होतं.

"साइट बंद पडली," सासूबाईंनी कालच सांगून ठेवलं होतं, "तर सगळं थोरल्या जावईबापूंकडे. मी तोंड बघून काम देत नाही."

थोरले जावई, म्हणजे धाकट्याचे साडू, याच धंद्यात होते. सासूबाई तिकडे गेल्या की फरशीवाला तिकडे, डॉक्टर तिकडे, दोन्ही पार्लरं वेगवेगळ्या रिक्षांतून तिकडे. धाकट्याच्या त्या खोलीत मग थंडी तेवढी उरली असती.

पण तयारी त्याने चोख केली होती, हे मान्य करायला हवं. जुना आणि नवा, दोन्ही नंबर दारावर लावून ठेवले होते, म्हणजे कुणी कुठल्याही नंबराने आलं तरी आतच येणार. दोन दिवस आधी जगभरच्या मशिनींना सांगून झालं होतं, की बाबांनो, आमचा पत्ता फार वेळ ध्यानात ठेवू नका, दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारत जा. आज सकाळी 'आमचा पत्ता आता हा' असं जाहीर केलं. जग बिनबोभाट नव्या नंबरावर आलं. एकाही पार्लरने शिंक दिली नाही.

इथे धाकट्याने लॅपटॉप मिटून घरी जायला हवं होतं. पण कौतुक करून घ्यायचं राहिलं होतं ना!

"आता असं करा," तो म्हणाला. "सगळ्यांनी आपापल्या फोनवर आईंची साइट उघडा आणि सारखी रिफ्रेश करत राहा. एक क्षण जरी बंद दिसली तर माझं नाव बदला."

सासूबाईंनी हुकूम सोडला. "चला! टॅब घ्या हो तुम्ही." हे सासऱ्यांना. "तू फोन घे." हे लेकीला, म्हणजे धाकट्याच्या बायकोला. "नजर समोर, अंगठा बटणावर. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

सासरे गरीब स्वभावाचे. संसारात आजवर त्यांच्याकडे बटण असं काही आलंच नव्हतं. आलं म्हटल्यावर त्यांनी हात धुऊन घेतला. टकटकटकटक, दाराला सुतारपक्षी लागावा तसे. सासूबाई दोन फोनांवर दोन अंगठ्यांनी.

थोड्याच वेळात सासरे म्हणाले, "गेली."

"काय गेली?"

"साइट. पांढरं झालं सगळं."

"माझीही गेली," बायको म्हणाली.

सासूबाईंचा उजवा पाय टेबलाखाली जमिनीला टेकला आणि तिथेच राहिला.

झालं होतं ते असं. सर्व्हरवर धाकट्याने एक रखवालदार बसवला होता, म्हणजे एक प्रोग्राम. एकाच घरातून कुणी फार घाईघाईने दार ठोठावायला लागलं, की चोर समजून त्या अख्ख्या घराला बंदी. आणि बाहेरून बघितलं तर सासूबाईंचं घर म्हणजे एकच राउटर, एकच तोंड. रखवालदाराने इमानेइतबारे सासूबाईंना हाकलून दिलं. बाकी साऱ्या जगाला साइट व्यवस्थित दिसत होती.

धाकट्याला हे सुचलं नाही, कारण तो स्वतः त्याच घरात बसला होता. त्याचा लॅपटॉपही हाकललेल्यांत. जुन्या नंबराने गेला, दार बंद. नव्याने गेला, बंद. फरशीवाला बंद, डॉक्टर बंद. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

सासूबाईंनी थोरल्यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"थोरले जावईबापू, आमची साइट बघा बरं."

"बघतो... चालू आहे की, आई. छान चाललीय."

"बंद आहे."

"अहो, माझ्यासमोर आहे. बुकिंगचं बटणसुद्धा दिसतंय."

"आम्ही इथे चौघं बघतोय ते काय आंधळे म्हणून? वेळ कुठली, तुम्ही थट्टा कसली करताय!"

"बरं, आई," असं म्हणून थोरल्यांनी फोन ठेवला.

"जखमेवर मीठ चोळतायत," धाकटा दात-ओठ खाऊन म्हणाला. मग त्याने सर्व्हरच्या खोलीवर फोन केला. तिथल्या ड्यूटीवरच्या माणसाला जांभई देता देता बोलायची सवय होती.

"माझं मशीन मेलंय. बंद करून परत चालू करा."

"हिरवा दिवा लागलाय, साहेब."

"दिवा लागू दे. तुम्ही प्लग काढा!"

"काढला," तो माणूस म्हणाला. त्या दिवशी साइट खऱ्या अर्थाने बंद पडली ती या क्षणी.

मशीन पुन्हा उठलं ते झोपेतून उठल्यासारखं, सकाळचं सगळं विसरून. रखवालदाराच्या डोक्यातली चोरांची नावं पुसली गेली, हे चांगलं झालं. पण नवा नंबर धाकट्याने दारावर खडूने लिहिला होता म्हणा ना, पाटी ठोकायची राहिली होती. तोही पुसला गेला. दारावर उरला एकटा जुना नंबर, आणि सारं जग त्याच्याच सांगण्यावरून नवा नंबर शोधत दारोदार फिरायला लागलं.

अपवाद एकच. सासूबाईंच्या घरचा राउटर. हा मालकिणीसारखाच, एकदा ऐकलेलं सोडायचा नाही. दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारा वगैरे त्याने मनावरच घेतलं नव्हतं, अजून जुनाच पत्ता धरून बसला होता. त्यामुळे आता साइट पृथ्वीवर फक्त सासूबाईंच्या घरात दिसत होती.

"आली!" सासरे ओरडले.

"काय स्वच्छ आलीय," सासूबाई म्हणाल्या. "आधीपेक्षा पटकन उघडते." पाय जमिनीवरून उचलला गेला. "चहा टाक गं यांना."

धाकटा खुर्चीत मागे रेलला. तेवढ्यात थोरल्यांचाच फोन आला.

"आई, राग मानू नका. पण आता मात्र साइट बंद आहे."

सासूबाईंनी समोरच्या स्क्रीनकडे बघितलं आणि थंड आवाजात म्हणाल्या, "चालू होती तेव्हा... नाही, बंद होती तेव्हा तुम्हाला चालू दिसत होती. आता चालू आहे तर बंद दिसते. धाकट्यांचं बरं झालेलं बघवत नाही का हो?"

"बरं, आई," थोरले म्हणाले. आवाज खचलेला.

मग शिकाऊंचे फोन सुरू झाले. "बाई, साइट उघडत नाही." सासूबाई प्रत्येकाला एकच उत्तर देत होत्या. "माझ्यासमोर उघडी आहे. तुझा फोन बदल." एका मुलीने सांगितलं, फोन कालच घेतलाय. "मग दुकान बदल," सासूबाई म्हणाल्या.

बायको चहाची पावडर आणायला खाली गेली होती. वर आली ती दारातच थबकली आणि नवऱ्याला खुणेने बोलावलं.

"अहो, काहीतरी गंमत आहे. खाली गेलं की साइट बंद, वर आलं की चालू."

"म्हणजे?"

"म्हणजे जाऊन बघा ना!"

धाकटा जिन्यात गेला. तिसऱ्या पायरीवर साइट चालू होती. वळणावर, घरचं वायफाय सुटलं तिथे, बंद. वर आला, चालू. खाली गेला, बंद. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी दार किलकिलं करून विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलंय का?" आणि तेवढ्यात धाकट्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो तिथेच जिन्यावर बसला.

"बंद होती तेव्हा चालू होती," तो म्हणाला.

"आणि आता चालू आहे ती बंद आहे. सांगताय का आईला?"

"वेड लागलंय?"

त्याने जिन्यातच लॅपटॉप मागवून घेतला, नवा नंबर पुन्हा लावला आणि या वेळी पाटी पक्की ठोकली, मशीन शंभरदा बंद पडलं तरी न पुसणारी. पाच मिनिटांत जग परत आलं. बुकिंगा धडाधड पडायला लागल्या. सासूबाईंना वाटलं, लोकांनी एकदाचे फोन बदलले.

आता एकच काटा राहिला होता. पाचला जुने पत्ते जाणार, आणि घरचा राउटर त्यांनाच चिकटून बसलेला. इलाज सोपा होता, राउटर एकदा बंद करून चालू करायचा की तो नवा पत्ता विचारून घेतो. पण का करायचा, हे सांगायचं तर जिन्यापर्यंतचं सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून धाकट्याने गुपचूप उरकायचं ठरवलं. कपाटाशेजारी जाऊन, खिडकीबाहेर बघत बघत, त्याने हात मागे प्लगकडे नेला.

"हात वर!" सासूबाई गरजल्या. "चालू गाडीत किल्लीला हात लावायचा नाही!"

"धूळ बसलीय, आई, जरा..."

"बसू दे. बुकिंग येतंय."

पाच वाजायला थोडा वेळ असताना त्याने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी सासूबाईंनी खुर्ची उचलली आणि राउटरला पाठ लावून बसल्या. बायकोने त्याच्याकडे बघून हळूच कपाळाला हात लावला.

पाच वाजले. कंपनी वेळेची पक्की निघाली. सासूबाईंच्या समोरचा पडदा पांढरा झाला.

"आई, जरा उठता का, मी एका मिनिटात..."

"कोणी काही हलवायचं नाही." त्यांनी थोरल्यांना फोन लावला. "जावईबापू, बघा. आणि नीट बघून सांगा."

थोरल्यांनी नीट बघितलं. साइट उत्तम चालू होती. बुकिंगचं बटण, फोटो, सगळं जिथल्या तिथे. सकाळी खरं सांगितलं तेव्हा बोलणी बसली, दुपारी खरं सांगितलं तेव्हा मत्सरी ठरले. संसारी माणूस होते. त्यांनी जरा विचार केला.

"आई, तुमच्याकडे काय दिसतंय?"

"बंद."

"बंदच आहे," थोरले म्हणाले. "अगदी पूर्ण बंद."

"साडू! अहो, खरं बोला!" धाकटा फोनवर वाकून ओरडला.

"सकाळी बोललो होतो, साडू," थोरले म्हणाले.

"दिवसभरात पहिल्यांदा माणूस सरळ बोलला," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापासून सगळं तुमच्याकडे. फरशीवाल्यालाही सांगते."

दोन दिवसांत सगळ्या साइटी थोरल्यांच्या सर्व्हरवर गेल्या. त्या सर्व्हरचे पत्तेही त्याच कंपनीचे होते. पत्ते परत घेण्याची नोटीस थोरल्यांच्या मेलमध्ये न वाचलेली पडून होती, आणि कंपनीने ते पुढच्याच मंगळवारी परत घेतले.