हिलालने दोर सैल सोडला

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. पण म्हातारी म्हटलेलं मला खपत नाही. सुरत ओलांडून तापी समुद्राला मिळते, त्या हजीऱ्याकडच्या काठावर माझा मुक्काम. माझ्या सागवानी फळ्यांवर छगनकाकांनी वीस वर्षं मासेमारी केली. लोक माझ्या अंगावर थाप मारून कौतुक करायचे. मग काकांचे गुडघे गेले आणि मी दोन वर्षं काठावर पालथी पडले. कोंबड्या माझ्याखाली अंडी घालू लागल्या.

मला विकत घेतलं हिलालने. सुरतेतल्या बमरोलीच्या लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, पंधरा वर्षं काढलेला, मूळचा खानदेशातल्या तापीकाठचा माणूस. त्याचे वडील गावी नदीत नाव चालवायचे, म्हणून गडी भारी तोऱ्यात होता. छगनकाका चार गोष्टी सांगायला लागले, तर म्हणाला, "काका, ये तापी तो अपने गाव की है!"

भेगांत कापूस ठासून, डांबर लावून त्याने मला भरतीला पाण्यात ढकललं. माझा ऊर भरून आला. एक फेरी मारून तो परतला आणि भरती-ओहोटी नसलेल्या गावच्या सवयीने मला खुंट्याला आखूड बांधून घरी गेला. ओहोटी लागली. पाणी दोन पुरुष खाली गेलं. मी नाकाने दोराला लटकले, मागची बाजू चिखलात रुतली. पुन्हा भरती आली तेव्हा मला उठताच येईना. पाणी आत शिरलं, एक फळी तडकली. दुखलं, आणि लाजही वाटली.

"भाई, अहीं तापी उलटी पण वहे छे," इथे तापी उलटीही वाहते, छगनकाका एवढंच बोलले.

हिलालची बायको सुभद्राबाई मात्र कडाडली, "आखो एक डाव बुडनी, तं मी तिनं सरपन करसू. मंग तुम्ही गुमान लूमवर जा."

सरपण! माझ्या सागवानी फळ्या चुलीत!

पण हिलाल हटला नाही. त्याने फळी बदलली आणि चार दिवस काठावर ठाण मांडलं. चिखलात काठी रोवून पाणी किती चढतं, किती उतरतं, कधी वळतं, ते पाहत बसला. काकांना विचारताना आता त्याची मान ताठ नव्हती. काकांनीही हातचं न राखता शिकवलं.

पाचव्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा निघालो. जाळं दोनदा गुंतलं. तिसऱ्यांदा कुठे मासे लागू लागले, तेवढ्यात पाणी वळायची वेळ झाली. त्याचे हात शिवशिवले असणार. तरी त्याने जाळं ओढलं, मला वळवलं आणि काठ गाठला. मग ओहोटीभर माझ्याजवळ बसून तो हात हात दोर सैल सोडत राहिला. मी चिखलावर सरळ बसले. संध्याकाळच्या भरतीने मला अलगद उचललं, आत थेंब नाही!

डबा घेऊन आलेली सुभद्राबाई हे पाहत उभी होती. तिने माझ्या कडेवरून हात फिरवला आणि उद्याच्या फेरीसाठी नवऱ्याला म्हणाली, "सकाय माले बी ली चाला."

मित्रांनो, जुनी वस्तू घरी आणलीत तर तिच्या भेगा जरूर बुजवा. पण ती चालवायला शिकण्याची लाज बाळगू नका. तोरा तुमचा असतो. तुकडे होतात ते आमचे.