चंद्राच्या मशीनची खडखड

"अजून वाजतंय?"

मामाचं डोकं आणि दोन्ही खांदे मशीनच्या पोटात होते, बाहेर नुसती पाठ आणि पिवळा टॉवेल. मी त्याच्या पाठीवर दोनदा थापटलं. दोनदा म्हणजे हो. लूमच्या कारखान्यात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातांनीच बोलतात, आणि कारखाना बंद होऊन आठ महिने झाले तरी मामाची सवय काही गेली नव्हती.

"कुठं?"

मी त्याचा हात धरून काचेच्या डाव्या कडेवर ठेवला. त्याने डोळे मिटले. मग एखाद्या तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळवा तिथे नुसता टेकवून ठेवला आणि हसला. "सापडली. काच नाचती हाय, बाई माझी. हिला खाचेत पट्टी पायजे."

माझ्या तुळशीराम मामाने एकतीस वर्षं भिवंडीत जॉबरचं काम केलं. जॉबर म्हणजे लूम बिघडली की जिला हाक मारतात ती व्यक्ती. सतरा वर्षांचा असताना तो अंबाडीहून आला आणि अठ्ठेचाळीस लूमच्या त्या शेडमध्ये जो शिरला तो शेठने लूम भंगारात विकेपर्यंत बाहेरच आला नाही. कारागीर त्याला उस्ताद म्हणायचे. "उस्ताद, चौबीस नंबर रो रही है," असं कुणी खुणेने सांगितलं की मामा जायचा, लूमच्या अंगावर हात ठेवायचा आणि नेमका तोच नट पिळायचा. लूम गप्प होऊन कामाला लागायची.

आता त्या शेडमध्ये काहीच नव्हतं. जमिनीवर लूमच्या पायांचे चौकोनी डाग होते आणि जाळीवर, वाशांवर, पंख्याच्या पात्यांवर कापसाचा धुरळा इतका साचलेला की दुपारचं ऊन त्यातून दुधासारखं यायचं. आणि या सगळ्याच्या मधोमध एकटी उभी होती ती पिनबॉलची मशीन. खरं सांगते, मी तिच्या प्रेमात पडले होते. खालच्या फळीवर निळा समुद्र रंगवलेला, त्यात एक बाई माशावर बसून चंद्राकडे निघालेली. दिवे लागले की चंद्र आतून पेटायचा. स्टीलची गोळी सोडली की ती चंद्राभोवती गरगरायची, लाल टोप्या घातलेल्या खुंट्यांवर आपटायची, आणि दर आपटीला आतून एक टिंग निघायची. त्या रिकाम्या शेडमध्ये ती टिंग छतापर्यंत जायची, तिथे जरा थांबायची आणि मग कुठेतरी धुरळ्यात विरघळायची.

फक्त टिंगच्या जोडीला खडखड, खणखण, थडथडसुद्धा होती. पत्र्याच्या डब्यात स्क्रू घालून हलवावेत तशी.

मशीन हितेशदादाची. त्याची गोडाऊनं आहेत, आणि ही शेडही आता त्याचीच. परदेशातल्या कुठल्या तरी हॉटेलच्या जुन्या सामानात ही आली, घ्यायला कुणी आलं नाही, म्हणून त्याने ती बंगल्यावर नेली आणि हॉलमध्ये ठेवली. हॉलला लागून त्याच्या आईची खोली. आक्काचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, ती दिवसभर पडून. तिसऱ्या दिवशी तिने फर्मान काढलं, "माझ्या डोक्यावर खिळं सांडतान. एक ती ऱ्हाईल न्हायतर मी ऱ्हाईन."

हितेशदादाने मशीन मामाकडे पाठवली. "मामा, हिची खडखड काढून दाखवा. गोडाऊनला मला मेंटेनन्सचा माणूस हवाच आहे. बेल्ट, शटर, ट्रॉल्या, सगळं तुम्ही बघायचं. ही गप्प झाली की एक तारखेपासून ड्युटी तुमची."

आठ महिने मामा सकाळी अंघोळ करून, केस विंचरून कुठेच जात नव्हता. जायचा तो गल्लीत. चालू कारखान्यांच्या भिंतींना हात लावत हळूहळू चालायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "बघतो, कुनाची तब्बेत कशी हाय." म्हणून त्या दिवाळीच्या सुट्टीत मी दहावीचा अभ्यास गुंडाळून ठेवला आणि त्याची मदतनीस झाले. आईला सांगितलं, फिजिक्सचं प्रॅक्टिकल आहे.

आणि होतंच की! मामाने जुन्या लूमचा चामडी पट्टा कापून चारी पायांखाली चकत्या घातल्या. काचेच्या खाचेत मऊ रबर बसवलं. पैसे टाकायचं पत्र्याचं दार सारखं कुरकुरायचं, त्याच्या कडेला पट्टी चिकटवली. फळी उचलून खालचे बोल्ट एकेक करून पिळले. तिथे खाली इतक्या तारा आणि इतके छोटे दिवे होते की डोंगरावरून रात्री गाव बघावं तसं वाटायचं. मामा त्या गावात हात घालून घरोघरी विचारपूस करायचा.

"तुला कंटाळा येत नाही का रे या शांततेत?" मी एकदा विचारलं.

"कुठली शांतता?" त्याने कानाला हात लावला. "हितं अजून शिफ्ट चालू हाय. चोवीस तास. जेवायची सुट्टी पन न्हाय."

मला ते फार भारी वाटलं. माझ्या मामाच्या डोक्यात अठ्ठेचाळीस लूम चालतात आणि त्या सगळ्या मिळून एकच लांबलचक कापड विणतात, असं मी रात्री झोपताना बघायचे.

चौथ्या दिवशी मी पोचले तेव्हा तो दारातच कंबरेवर हात ठेवून उभा होता. "खेळ. आन् सांग."

मी गोळी सोडली. ती गेली, वळली, आपटली. खडखड नाही, खणखण नाही. पाण्यात दगड बुडावा तशी गोळी चंद्राजवळून निघून गेली. लाल टोपीवर आदळली.

टिंग नाही.

मी पुन्हा खेळले. टोपी हलली, दिवा लागला, आवाज शून्य. मी फळी उचलली. टिंग काढणाऱ्या धातूच्या तिन्ही पट्ट्या नमद्याच्या जाड लोकरी कापडात गुंडाळलेल्या होत्या. तुटलेला धागा जोडतात तशी बारीक, देखणी गाठ मारून.

"कसं?" मामा फुलला होता. "सगळ्यात जास्ती थरथर ह्या तिघींची व्हती. हात लावला तर खांद्यापर्यंत मुंग्या. म्हनून तर आवाज जात नव्हता."

मी पट्ट्यांकडे बघत खाली मान घालून म्हणाले, "मामा, ही घंटा होती."

"चहा घेशील ना?" त्याने विचारलं.

मी मान वर केली नाही. जरा मोठ्याने म्हणाले, "मामा, ही घंटा आहे. आपल्याला घंटा नको काढायला."

"साखर कमी सांगतो," असं म्हणून तो बाहेर पडला.

तो येईपर्यंत मी समुद्रावर ओणवी होऊन उभी होते. मामाला कमी ऐकू येतं हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. तो स्वतःच चेष्टा करायचा. पण तो आमच्या तोंडाकडे बघून बोलतो, हे मी त्याचं प्रेम समजत होते.

चहा आला. मी घंटेचा विषय काढला नाही. घंटा नसली तर काय बिघडलं, खडखड काढायची होती, ती निघाली, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत मशीन चढवून आम्ही निघालो. वाटेत गोडाऊनला थांबलो, कारण हितेशदादाला मामाला जागा दाखवायची होती. केवढी मोठी! छताला टेकलेले खोके, आणि मधल्या वाटांनी पळणाऱ्या फोर्कलिफ्ट. मामा एका बेल्टवर हात ठेवून उभा राहिला. त्याचा चेहरा कसा झाला होता! तेवढ्यात मागून एक फोर्कलिफ्ट उलटी येऊ लागली. टीं, टीं, टीं. सगळे बाजूला झाले. मामा उभाच. मी त्याची बाही धरून इतक्या जोरात खेचली की शिलाई उसवली.

"अगं, शर्ट फाडतेस का?" तो हसला. मग मागून गेलेली गाडी दिसली तशी हसू थोडं बाजूला सरकलं. पण त्याने लगेच बेल्टबद्दल बोलायला सुरुवात केली.

बंगल्यावर मशीन हॉलमध्ये लागली. आक्का वॉकर धरून आली आणि खुर्चीत बसली. तोंडावर पदर. हितेशदादाने गोळी सोडली. चंद्र पेटला. गोळी फिरली, आपटली, फिरली.

"चालू हाय का बंद?" आक्काने पदराआडूनच विचारलं.

"चालू आहे, आक्का! बघ ना, गोळी पळतेय."

"मंग ती घंटी मेली काय? तेवढीच एक बरी वाटत व्हती. बाकीचा कचरा काढायला सांगितला, ह्यानं देवच उचलला."

हितेशदादा वळला. मामा आक्काच्या पदराकडे बघत उभा होता, चेहऱ्यावर तेच गोड, काही न कळलेलं हसू.

"मी बंद केली!" मी म्हणाले. "तुम्हाला त्रास नको म्हणून, आक्का. मामा नको म्हणत होता."

"अगं बया! लईच शहाणी गं तू," आक्का म्हणाली आणि हितेशदादा हसला. झालं, निभावलं, असं मला वाटलं. पण मामा आता माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडाकडे.

"काय बंद केलंस तू?"

मी बोटाने लाल टोपी दाखवली आणि कानाला हात लावला.

त्याने काच सरकवली, फळी उचलली आणि तिन्ही पट्ट्यांवर हात ठेवला. बराच वेळ. मग नखाने एकेक गाठ सोडवली. नमद्याची घडी घालून ती खिशात ठेवली, फळी खाली घेतली, काच लावली. "मारा, शेट."

गोळी लाल टोपीला लागली. टिंग! हितेशदादाच्या भुवया वर गेल्या, आक्काने पदर खाली घेतला. मामा मशीनकडे बघतच नव्हता. तो आमचे चेहरे बघत होता, एकामागून एक.

"वाजली?" त्याने विचारलं.

हितेशदादाचा हात बटणावरच राहिला. "मामा," तो म्हणाला, "मग तिकडे गोडाऊनला..."

"मागून गाडी आली तर कळनार न्हाय. मघाशी कळलं मला," मामा म्हणाला. आवाज अगदी साधा, चोवीस नंबरला काय झालंय ते सांगताना असायचा तसा. "तुम्ही विशालला घ्या. आमच्या अंबाडीचाच हाय, माझ्या हाताखाली शिकलाय. हात बरा हाय त्याचा. कान पन चांगलं हायत."

"मामा, बसून करायचं काही काम बघतो मी."

"बघा. मिळालं तर सांगा." त्याने मान हलवली. उसवलेली बाही कोपरापर्यंत गुंडाळली आणि हत्यारांची पिशवी उचलली.

"कुठं चाललास रं तुळशा?" आक्का कडाडली. पदर आता खांद्यावर होता आणि ती त्याच्याकडे तोंड करून सावकाश, मोठे ओठ करून बोलत होती. "येवढी केलीस, येक डाव तर खेळ."

मामा लाजला. पिशवी ठेवून त्याने दांडी ओढली. लूम पिळणारे ते हात बटणांवर इतके हलके पडत होते की गोळी खाली यायलाच तयार नव्हती. टिंग झाली. आक्काने हात वर केला. मामाने बघितलं. पुन्हा टिंग, पुन्हा हात. आता तो गोळीकडे बघेनासाच झाला, नजर आक्काच्या हातावर आणि बोटं आपली आपण खेळत होती. अशाने गोळी जायचीच. शेवटची टोपी वाजवून ती बटणांनी हलणाऱ्या दोन पात्यांच्या मधून घरंगळली आणि चंद्र विझला.

ती टिंग मात्र हॉलमध्ये रेंगाळत राहिली. आक्काचा हात तिच्याबरोबर हळूहळू खाली येत गेला, आणि तो मांडीवर पूर्ण टेकेपर्यंत मामा बघत राहिला.