गार साच्यातली गोळी

मी साचा बोलतोय. मोदकाचा नाही, बंदुकीच्या गोळ्यांचा. सांडशीसारखे दोन दांडे, त्यांच्या तोंडाशी पोलादाचे दोन ठोकळे, आणि ते मिटले की आत बोराएवढी पोकळी. माझं पोट एवढंच.

देवळाली कॅम्पातल्या एका लेथवर १९९३ साली माझा जन्म झाला. गेणू मिस्त्रीने मला घडवलं आणि चिमाजीच्या हाती देताना बजावलं, "याच्याशी घाई करू नको. गार साचा दगा देतो."

चिमाजीचं वावर हरसूलच्या पुढे, रानाला लागून. भात आणि नागली. पीक राखायला त्याच्याकडे वडिलांच्या वेळची परवान्याची ठासणीची बंदूक होती. एका वेळी एकच बार. तो चुकला की पुन्हा दारू भरा, गोळी ठासा. तोवर डुक्कर काय पाहुण्यासारखं बसून राहणार? म्हणून चिमाजीला एकच ध्यास होता, जनावर एका गोळीत जागीच पडलं पाहिजे. ते जखमी होऊन तडफडत मरावं हे त्याला सोसत नसे. शिवाय त्या डोंगरात एक रीत होती. जखमी जनावर दिवस मावळायच्या आत शोधायचं, आणि ज्याने बार उडवला त्यानेच शोधायचं.

मासेमार जाळ्याला लावतात ते शिसं चिमाजी बाजारातून आणी. अंगणातल्या चुलीवर ते वितळलं की त्याची बायको नवसाबाई पळीने माझ्यात ओती. तिचा हात कधी हलला नाही. आधीच्या गोळ्या मऊ निघाल्या, नळीतच चेपायच्या. मग त्याने कल्हईवाल्याकडून कथील आणून मिसळलं. कधी कथील जास्त व्हायचं, कधी दारू कमी. सोनाराचा जुना काटा घेऊन तो गोळ्या तोलायचा, ओल्या बांधावर बार टाकायचा, माती उकरून गोळी काढायचा आणि उन्हात धरून बघत बसायचा.

"पोरगी बघाया आल्यागत बघताय तिच्याकडं," नवसाबाई म्हणायची.

"पसंत पडंपर्यंत बघणार," तो म्हणायचा.

अशी वर्षं गेली, आणि मनाजोगती गोळी एकदाची जमली. तिची अट एकच होती, मी चांगला तापलेला हवा. गार असताना माझ्यातून निघालेल्या पहिल्या दोन-तीन गोळ्यांवर सुरकुत्या पडत, आणि तशी गोळी सरळ जात नसे. त्या वाटीत बाजूला टाकायच्या आणि परत वितळवायच्या.

२००४ साली ऑक्टोबरात निवडणूक आली. वाल्मीक पोलीस पाटील दारात येऊन म्हणाला, "चिमाजीभाऊ, बंदूक ठाण्यात जमा करा. उद्या शेवटचा दिवस. नागली पिकलीय, म्हाईत हाय मला. पण नियम सगळ्यांनाच."

बंदूक जाणार म्हणून त्या आठवड्यात गोळ्या ओतल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाजी बंदूक फडक्यात गुंडाळत होता, तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ भिकन धावत आला. नागलीत मोठं डुक्कर शिरलं होतं. चिमाजीने वाटीत हात घातला. आत एकच गोळी होती, सुरकुतलेली.

"ती नका घेऊ," नवसाबाई म्हणाली. "मी चूल पेटवते."

"तोवर वावर जाईल."

बार ऐकू आला. डुक्कर पडलं नाही. रक्त सांडत करवंदीच्या जाळीत शिरलं. बंदूक द्यायची होती, एसटीची वेळ झाली होती. चिमाजी ठाण्यात जाऊन आला आणि दुपारी त्याने कोयता उचलला.

"उद्या जाऊ, दादा," भिकन म्हणाला. "रगत गेल्यावर ते आपसूक पडंल."

"उद्या कसं? मी मारलंय त्याला."

संध्याकाळी चौघांनी त्याला घोंगडीत घालून आणलं. जाळीत डुकराने त्याचं पोट फाडलं होतं. डुक्कर दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोळाशी मेलेलं सापडलं. गोळी त्याच्या छातीतच होती. नुसती वाट पाहिली असती तरी ते मेलंच असतं.

मी लोखंडाचा, मला रडता येत नाही. फार तर गंज चढतो, तो चढलाच आहे. चिमाजीएवढं माझ्या पोटातल्या पोकळीकडे कोणी बघितलं नव्हतं, आणि आता कोणी बघणारही नाही.

बंदूक ठाण्यातच राहिली. परवाना त्याच्या नावाचा होता, आणि नवसाबाईने ती परत मागितलीही नाही. मला मात्र तिने भंगारवाल्याला दिलं नाही. फळीवर ठेवलं. ते वावर तिने पुन्हा पेरलं नाही. गवत माजलंय. डुकरं तिकडे फिरकत नाहीत, खायला आहे काय तिथे? तरी नागली पिकायच्या दिवसांत ती रोज संध्याकाळी त्या पडीक वावरातल्या राखणीच्या माळ्यावर जाऊन बसते.

परवा ती निघाली तेव्हा भिकनने उंबऱ्यातच अडवलं. "वयनी, पेरलंच नाय तर राखताय काय?"

"त्ये मागावर गेलेत," ती म्हणाली. "येताना माळ्यावर कोणी दिसाया नको?"

भिकन बाजूला झाला.

माझं मागणं थोडकं आहे. ती आहे तोवर मला या फळीवर राहू द्या. नंतर खुशाल भंगारात घाला.