नाव कुणाचं द्यायचं?

बचत गटाची अध्यक्ष पोन्नुताई दुपारी ओसरीवर आली, तेव्हा पेच्चियम्माळ आणि तिची सून इसक्की मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत होत्या. गटानं यंदापासून आजारपणाचा विमा काढला होता. ज्याचं नाव द्याल, त्याचा दवाखान्याचा खर्च त्यातून निघणार होता.

"अक्का, घरातल्या सगळ्यांची नावं द्या," पोन्नुताई म्हणाली.

"धडधाकट माणसांची नावं दवाखान्यात? म्हणजे मेल्या आजाराला घरचा पत्ताच सांगायचा की!" पेच्चियम्माळ फणकारली. तिरुनेलवेलीकडच्या आमच्या गावात निम्म्या बायांना हेच वाटत होतं, आणि उरलेल्या निम्म्या तसं वाटत नाही म्हणून खोटं सांगत होत्या.

"निदान एक नाव तरी द्या. गटाचा नियम आहे."

पेच्चियम्माळनं विडीला दोरा गुंडाळला. "बरं, इसक्कीचं लिही."

"सासू असावी तर अशी!" ओसरीवर जमलेल्या शेजारणी हरखून म्हणाल्या. इसक्कीला मात्र प्रश्न पडला. सुकटीचा तुकडासुद्धा आधी लेकाला वाढणारी ही बाई आज आपल्याला पुढे का करतेय?

"आणि यांचं, आत्याबाई?" तिनं नवऱ्याचा विषय काढला. "हे रोज ताडावर चढतात."

"त्याचा विषयसुद्धा काढू नकोस! पोटचा आहे तो माझा."

इसक्कीला कळायचं ते कळलं.

नीरेच्या हंगामात तिचा नवरा सुडलैमुत्तु ताडावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. शहरातल्या दवाखान्यानं ऑपरेशन सांगितलं, पण विम्यात त्याचं नावच नव्हतं. "हिचं आहे ना? हिच्या नावावर घ्या त्याला!" पेच्चियम्माळ खिडकीपाशी रडून रडून सांगत होती. असं कुठं होतं का? शेवटी त्याला हाडवैद्याकडे नेलं. पाय वाकडा जुळला, तो कायमचाच.

एवढं होऊन म्हातारीचे डोळे उघडावेत ना? छे! "तूच चारचौघींत विषय काढलास, म्हणून पडला माझा लेक," हे ती सुनेला उठताबसता ऐकवायची.

वर्ष सरलं. पोन्नुताई पुन्हा आली. शेजारणीही जमल्या. सासूनं तोंड उघडायच्या आत इसक्की म्हणाली, "ताई, यंदा नावं मी सांगते. पहिलं लिहा, पेच्चियम्माळ."

"अगं सटवे!" सासूचं सूप मांडीवरून कलंडलं. "मला मारायला निघालीस?"

इसक्की संतापली. "मग गेल्या वर्षी माझं नाव दिलंत, तेव्हा तुम्ही काय करायला निघाला होतात, आत्याबाई?"

पेच्चियम्माळनं कोपऱ्यात पाय पसरून बसलेल्या लेकाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"दुसरं यांचं लिहा, ताई. तिसरं माझं. या घरातलं एकही माणूस आता वगळायचं नाही."

पोन्नुताईनं लिहून घेतलं आणि ती शेजारणींकडे वळली. जी ती पदराशी चाळा करू लागली. गेल्या वर्षी आपण घरातल्या कुणाचं नाव दिलं होतं, आणि का, हे जिचं तिला ठाऊक होतं.