पाठमोरा टांगलेला बाण

मी एक बाण बोलतोय. धनुष्यावरचा नव्हे, फाटकावरचा. लाकडाचा आहे, हातभर लांब आहे आणि सध्या भयंकर संतापलेला आहे. जरा ऐकून घ्या.

एका मोडक्या कपाटाच्या दारातून माझा जन्म झाला. ज्या सुताराने मला कापलं, त्याची स्वतःची दारू सुटून बरीच वर्षं झाली होती. एका सभागृहाच्या मागच्या खोलीत त्याच्यासारख्यांची दर आठवड्याला बैठक भरते. व्यसन सुटलेले आणि सुटू पाहणारे एकमेकांशी मनातलं बोलतात, चहा पितात, उठताना खुर्च्या रचून ठेवतात. नव्या माणसाला ती खोली काही केल्या सापडत नसे. म्हणून सुताराने मला घडवलं, रंधा मारून गुळगुळीत केलं आणि माझ्या पोटावर लाल रंगात लिहिलं, ‘दारू सोडायची आहे? इकडे या.’

त्याने मला दोरीने फाटकाच्या खांबावर टांगलं. टोक उजवीकडे, मागच्या जिन्याकडे. काय रुबाब होता माझा! नवी माणसं कशी यायची सांगू? आधी नुसतीच पुढे निघून जायची. परत यायची. चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने वाकायची, मला वाचायची आणि कोणी बघत नाही ना, हे पाहून आत सटकायची. मला त्यांचं कधी हसू आलं नाही.

मग सभागृहाच्या कार्यवाहांची नजर माझ्यावर पडली. “हा शब्द आमच्या फाटकावर नको,” ते म्हणाले. “चांगल्या घरातले लोक येतात इथे.”

चांगल्या घरातले म्हणे! चार दुकानं सोडून डावीकडे, कोपऱ्यावर बार आहे. त्याची पाटी माझ्या दसपट मोठी, दिवेलागणीला लखलखायला लागते. तिची कोणाला लाज वाटली नाही. दारू प्यायला बोलावणारी पाटी चालते आणि सोडायला बोलावणारी चालत नाही, हा कुठला न्याय?

माझ्या पोटावर पांढरा रंग फासून नुसतं ‘सभा’ लिहिलं गेलं. पुढच्याच बैठकीला एक पेन्शनर आजोबा आले, नळाला पाणी येत नाही ही तक्रार घेऊन. शेवटपर्यंत बसले, चहा घेतला आणि “पाण्याचं तेवढं बघा” असं सांगून गेले.

एवढ्यावरही भागलं नाही. सभागृहात समारंभ असला की माझं तोंड खांबाकडे करून ठेवायचं, असा हुकूम निघाला. बैठकीतल्यांनी तोही मुकाट्याने मानला. खोली हातची जाईल म्हणून घाबरले बिचारे. त्यांची दारू सुटली होती, मान खाली घालायची सवय सुटली नव्हती. आणि एक साधी गोष्ट कोणाच्याही डोक्यात आली नाही. मी चौकोनी पाटी नाही, बाण आहे. मला फिरवलं की माझं टोक डावीकडे होतं. बारकडे!

त्या संध्याकाळी पुढच्या दालनात बक्षीस समारंभ होता आणि बैठकही होती. मी पाठमोरा लटकत होतो. एक बस ड्रायव्हर आला, सोबत त्याची थोरली बहीण. नोकरी जायच्या बेतात होती आणि आज बैठकीला गेला नाहीस तर माझं दार तुला बंद, असं बहिणीने बजावलेलं होतं. सुताराने फोनवर त्यांना सांगितलं होतं, “फाटकावर लाकडी बाण आहे. तो दाखवेल तिकडे या.”

ड्रायव्हरने माझ्या टोकाच्या दिशेने पाहिलं आणि तो हसला. “ताई, मी नाही हं, बाणच म्हणतोय!”

“गप रे. थांब, मी वॉचमनला विचारते.”

“तसलं इथे काही नसतं, बाई,” वॉचमन म्हणाला. त्याला तसंच सांगायला लावलं होतं.

ती वळेपर्यंत भाऊ चालू लागला होता, मी दाखवत होतो तिकडे. माझा जळफळाट झाला. पण तोंड खांबाला टेकलेलं, बोंब तरी कशी मारणार?

ताई त्याच्यामागे धावली नाही. कोऱ्या बाणाच्या पाठीमागे काही लिहिलंय का, म्हणून तिने मला फिरवलं. ‘सभा’ वाचलं. पांढऱ्या रंगाखालून काहीतरी लाल दिसत होतं, ते नखाने खरवडलं. ‘दारू’ हा शब्द वर आला. तिने मला दोरीसकट काढलं, काखेत मारलं आणि तडक बारमध्ये शिरली.

तो बसला होता. समोर भरलेला ग्लास, अजून उचललेला नव्हता. तिने मला टेबलावर आपटलं.

“हे वाच. उलटा टांगला होता मेल्यांनी. तुला जायचं होतं ते दुसरीकडेच.”

“ताई, लोक बघतायत.”

“बघू देत. तू रस्त्यात पडायचास तेव्हा काय डोळे मिटून घ्यायचे?”

त्याने माझी खरवडलेली अक्षरं वाचली. मग त्यानेच मला उचललं. ग्लास तिथेच राहिला. मागचा जिना तो इतक्या घाईने चढला की मी दोनदा कठड्यावर आपटलो. खोलीत मला पाहताच सुताराचा चेहरा उतरला. कोणीतरी एक खुर्ची पुढे सरकवली.

आता माझी लाल अक्षरं परत आली आहेत आणि मला स्क्रूने पक्कं बसवलंय. परवा कार्यवाह वॉचमनला घेऊन मला काढायला आले, तेव्हा ड्रायव्हर माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“साहेब, हात लावू नका. तुम्ही तोंड फिरवलंत म्हणून या बाणाने मला एकदा बारमध्ये पाठवलंय.”

कार्यवाह वॉचमनला घेऊन परत गेले. पुन्हा येतील, मी ओळखून आहे त्यांना. म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. माझा रंग उडू द्या, मला वाळवी लागू द्या, पण माझं तोंड फिरवू नका. फाटकासमोर कोणीतरी चपलेचा पट्टा नीट करायला वाकलेलं असेल.