मोरलीचं तिखं

'तिखं' या शब्दावर मी पन्नास मिनिटं बोलू शकते. बोललेही आहे. तीक्ष्ण या संस्कृत शब्दावरून तो आला. जुन्या रसवैद्यांनी लोखंडाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे प्रकार केले, त्यातला मधला हा. मराठी लोहारांनी 'तीक्ष्ण'ला ठोकून ठोकून 'तिखं' केलं आणि पोलादाला ते नाव दिलं. आपलं तिखट त्याच घरातलं. पोलाद हा शब्द मागाहून फारशीतून आला आणि सगळी जागा अडवून बसला. हे सगळं मला तोंडपाठ आहे, आणि तरीही घरातलं तिखं माझ्याच हातून गेलं.

मी रुपाली. डोंबिवलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. माहेर वाईकडचं, सासर शीळफाट्याजवळचं. सासरच्या शेतांवर आता टॉवर उभे आहेत, पण सासूबाई आवडाबाई अजून जमिनीवर बसून मोरलीवरच भाजी चिरतात. मोरली म्हणजे आपली विळी. त्यांच्या आजेसासूच्या वेळची. पाट दोनदा बदलला, पातं तेच आहे. त्या मोरलीला घरात कुणी हात लावत नाही. मला सात वर्षांत एकदाही तिच्यावर कांदासुद्धा चिरू दिलेला नव्हता. माझ्यासाठी सुरी होती, पिवळ्या मुठीची.

ठाण्याच्या एका वाचनालयात माझं व्याख्यान ठरलं, तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, "आई, तिखं म्हणजे काय हो?"

"तेच्यात काय इचारायचं? मोरलीला असतं ते."

यापेक्षा जास्त काही मिळालं नाही. मी मनातल्या मनात हसले. शिकलेल्या माणसाला असं हसायची फार वाईट सवय असते.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी सासूबाई कळव्याला बहिणीकडे निघाल्या. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी परतणार होत्या. मोरली एरवी त्यांच्या कपाटात कुलपात असते. यावेळी ती ओट्यावरच होती.

"मोरलीला हात लावू नको हां," त्या दारातून म्हणाल्या.

आता मला सांगा, कोण राहील? शब्द माझ्याकडे होता, वस्तू समोर होती, आणि ठाण्यात शंभर खुर्च्या मांडलेल्या होत्या.

पातं मात्र मळकट दिसत होतं. लोकांसमोर नेताना जरा चकचकीत असावं म्हणून रविवारी सकाळी मी नाक्यावरच्या धारवाल्याला ते धार लावायला दिलं. चाकावरून लांब, सरळ, तांबूस ठिणग्या उडत होत्या. इतक्या सुंदर की मी मोबाइलवर व्हिडिओ काढला. धारवाल्यानं कागद कापून दाखवला. मी खूश.

व्याख्यान रंगलं. शेवटी मी मोरली टेबलावर ठेवली आणि काकडी कापून दाखवली. पहिली मस्त कापली गेली. दुसरी जरा अडली. तिसरी चेपली आणि तिचं पाणी पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या चष्म्यावर उडालं.

अध्यक्ष होत्या शालनताई. कोकणात वाढलेल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी पात्याच्या धारेवर नख फिरवलं आणि माईक बंद न करताच म्हणाल्या, "अहो, या विळीला तिखं कुठे आहे? पातं साध्या लोखंडाचं असतं. तिखं म्हणजे धारेशी बसवलेली पोलादाची पट्टी. घासून घासून ती संपते. धारवाल्यानं खाल्लेली दिसते. घरी चिंच लावून बघा. तिखं काळंभोर होतं, लोखंड राखाडी राहतं."

सभागृह हसलं. मीही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

घरी येऊन चिंच चोळली. पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी.

चार पिढ्यांनी जपलेली वस्तू मी साठ रुपये देऊन घालवली होती, आणि वर तिच्यावर टाळ्या घेतल्या होत्या. खंडेनवमीला सासूबाई घरातली सगळी हत्यारं चिंचेनं घासून पूजतात. म्हणजे बुधवारी सकाळी माझी चोरी उघडी पडणार. त्या रागावतील याची भीती नव्हती. त्या काहीच बोलणार नाहीत आणि पुढची तीस वर्षं मला पिवळ्या मुठीची सुरी देतील, याची भीती होती.

नवऱ्याला, कमलेशला, सांगितलं तर तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "मोहने गावात पंढरीमामा आहे. आईच्या माहेरचा लोहार. तोच करेल काहीतरी. पण तो आईला सांगणार नाही याची गॅरंटी माझी नाही हां."

मंगळवारी रजा टाकून मी मोहन्याला गेले. पंढरीमामांच्या मुलाचं ग्रिलचं वर्कशॉप आहे. मागच्या पडवीत मामांनी आपली जुनी भट्टी राखली आहे. वय ऐंशीच्या पुढे, दंड अजून दोरखंडासारखे. त्यांनी पातं हातात घेतलं, उन्हात धरलं.

"धार लावताना ठिणग्या कशा उडाल्या? सरल का फुटून?"

मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो तीनदा पाहिला. मिशीत काहीतरी हललं.

"ह्यो मना पाठव," ते म्हणाले. मी पाठवला. लोहाराला अभ्यासासाठी हवा असेल असं मला वाटलं. इतकी मी हुशार.

"उद्या भट्टीला सुट्टी, पूजा हाय. आज करायचं तर भाता तूच फिरव. पोरगा गेलाय कल्यानला."

मी भात्याची मूठ फिरवत बसले. मामांनी पात्याची कड लाल केली, छिन्नीनं उभी चिरली, त्या चिरेत जुन्या कानशीची पट्टी बसवली, सांधा धरावा म्हणून वर टाकणखार भुरभुरवला. पुन्हा विस्तवात. पांढरं होईस्तोवर. मग घणाचे घाव. मध्ये दम घ्यायला थांबले, तेव्हा म्हणाले, "तू भाषनं करतंस म्हने तिख्यावर. सांग की."

मी सांगितलं. रसवैद्य, तीक्ष्ण, मुंड, कांत, फारशी, सगळं. मूठ फिरवत, धापा टाकत. मामा शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, "येवढं सगलं माहीत, नि चिंच माहीत नव्हती?"

पातं पाण्यात गेलं, चर्रर्र झालं. पाणी पाजून झाल्यावर मामांनी सहाणेवर शेवटचा हात मारला. पैसे घेतले नाहीत. "आवडाबाय बघंल," एवढंच म्हणाले. मला ते तेव्हाही कळलं नाही.

संध्याकाळी सासूबाई परत यायच्या आत मोरली ओट्यावर होती, होती तशी.

खंडेनवमीला सकाळी त्यांनी कोयते, कुदळ, कमलेशचा पान्हा असं सगळं ओटीवर मांडलं. मोरली सगळ्यात शेवटी घेतली. चिंचेचा गोळा पात्यावरून फिरवला. मी झेंडूच्या माळा ओवत होते आणि सुई तीनदा बोटात गेली. धारेशी बोटभर रुंद काळी रेघ उमटली.

सासूबाईंनी मान तिरकी केली. "पंढरीचा हात अजून चांगला हाय."

मी माळ खाली ठेवली. "आई, मी... धारवाल्यानं... तुमचं तिखं माझ्यामुळे गेलं."

"कुठलं तिखं?" त्यांनी कमरेचा मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. माझाच व्हिडिओ. "ह्या बघ ठिणग्या. सरल जातान. तिखं असतं त फुलबाजीवानी फुटल्या असत्या. तेचं तिखं कवाच संपलंय. धा वर्सां कमलेशला सांगतंय, मोहन्याला जा, मोहन्याला जा. ह्यो जातंय का? नुसता हूं म्हनतंय."

कमलेशनं पान्हा पुसायला घेतला.

"म्हून मंग ओट्यावर ठेवली," त्या शांतपणे हार घालत म्हणाल्या, "नि तुना सांगितलं, हात लावू नको. चोरून नेलेली वस्तू बिघडली की मानूस सोता पलतंय लोहाराकडं."

तीन दिवसांची माझी भीती, रजा, भात्याचे फोड, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. मला भयंकर राग आला. आणि हसू आलं. हसू आधी बाहेर पडलं.

"सरळ सांगायचं ना, आई! मी गेले असते."

"सांगून गेली असतीस त पातं देऊन परत आली असतीस. भाता फिरवला नसतास." त्यांनी मोरलीला कुंकू लावलं. "ह्यां तिखं वीस वर्सां पुरंल. नंतर मी असन का नसन. मोहन्याची वाट ठावी झाली ना तुना आता?"

पन्नास मिनिटं बोलणारी मी उरलेली माळ ओवायला बसले.

नवमीला हत्याराला विश्रांती, म्हणून त्या दिवशी काही चिरलं नाही. दसऱ्याला जेवायला बावीस माणसं होती. सकाळी उठून स्वयंपाकघरात आले तर जमिनीवर मोरली मांडलेली, शेजारी दोन लाल भोपळे, आणि पिवळ्या मुठीची सुरी घेऊन सासूबाई स्टुलावर बसून मिरच्यांचे देठ काढत होत्या.

"बस," त्या म्हणाल्या.

मी बसले.