व्हरांड्यातली खास सोय

राजापेठेच्या मागे आमचं चर्च आहे आणि तिथे लेकरांसाठी 'खास सोय' आहे. सोय म्हणजे व्हरांडा. सतरंजी टाकलीय, भिंतीवर स्पीकर ठोकलाय आणि भोवताली अख्ख्या मंडळीच्या चपला. ही सोय काढली माझ्या सासऱ्यांनी, खुशालरावांनी. ते मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे. व्हरांड्याचं उद्घाटनही त्यांनीच प्रार्थना करून केलं. आणि दर रविवारी तिथे बसतं कोण? त्यांचाच नातू आशेर आणि मी. बाकीच्या बाया लेकरांच्या हातात मोबाइल देऊन त्यांना आत गप्प बसवतात.

आशेर सहा वर्षांचा. फारसा बोलत नाही, पण गाण्यावर त्याचा जीव. अडचण एवढीच, की गाणं संपलं तरी त्याचं संपत नाही. पेटी थांबते, ढोलकी थांबते, सगळे प्रार्थनेला डोळे मिटतात आणि माझं पोर आपलं गुणगुणतच राहतं. मग बाकांवरच्या माना वळतात. घरी मामाजी, म्हणजे हेच सासरे, त्याला मांडीवर घेऊन घास भरवतात, खोटं कशाला बोलू? पण चर्चमध्ये लोकांनी वळून पाहिलं की त्यांना तो ओळखीचाही वाटत नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

त्या रविवारी माझ्या नणंदेच्या, सीमाच्या बाळाचं अर्पण होतं, म्हणजे मंडळीसमोर बाळाला देवाच्या हाती सोपवायची प्रार्थना. अचलपूरहून तिच्या सासरची माणसं येणार होती. सकाळी चहा पितानाच मामाजी म्हणाले, "सूनबाई, आज आशेरले बाहेरच ठेवजो. पाहुणे येऊन राहिले."

"मामाजी, त्याच्या आतेबहिणीचं अर्पण आहे. त्यानं पाहू नाई काय?"

"स्पीकरवर ऐकू येते न सगळं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बूट शोधायला लागला. बूट त्याच्या पुढ्यातच होते.

चर्चमध्ये गाणं सुरू झालं तसा आशेर सतरंजीवरून उठून दाराकडे पळाला. दोन्ही तळव्यांनी दार थापटायला लागला. उघडावं म्हणून मी ढकललं, तर आतून कडी! आजवर बाहेर बसवत होते, पण कडी कधी घातली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पोराला कडेवर घेतलं आणि चर्चला वळसा घालून पाळकांच्या खोलीकडच्या दाराने थेट वेदीजवळ निघाले.

पाळकांच्या हातात बाळ होतं. ते मंडळीला विचारत होते, "या लेकराला प्रभूच्या घरात वाढवायला तुम्ही आईबापांना मदत कराल काय?"

मंडळी उभी राहिली. सगळ्यात आधी मामाजी. "होय, देवाच्या साहाय्यानं."

"नाई," मी म्हणाले.

पेटीवाल्याचा हात भात्यावरच राहिला. मामाजी दबक्या आवाजात म्हणाले, "शलोमी, काहून तमाशा करून राहिली?"

"आशेरच्या अर्पणालेही तुमी असेच उठले होते, मामाजी. असंच होय म्हणाले होते. मंग आज दाराले कडी कोणं घातली?"

सीमा बापाकडे पाहत राहिली. मग तिने पाळकांच्या हातातून बाळ काढून घेतलं आणि म्हणाली, "पाळकसाहेब, माह्या पोरीसाठी नका विचारू. पयले माह्या भाच्यासाठी विचारा."

तिच्या सासरची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पाळक गोरेमोरे झाले. पण त्यांनी विचारलं, तेच शब्द, आशेरचं नाव घेऊन.

मंडळी उभीच होती. कोणाच्या तोंडून शब्द निघेना. सगळे मामाजींकडे पाहत होते आणि मामाजी खाली. एवढ्या माणसांत एकटा आशेर तेवढा आवाज करत होता, मघाचंच गाणं गुणगुणत.

मी फार वाट पाहिली नाही. पहिल्या बाकावर, मामाजींच्या अगदी शेजारी, पोराला बसवलं आणि त्याच्या पलीकडे मी बसले.

"होय म्हणायची गरज नाई," मी म्हणाले. "आमी इथंच बसतो. ज्याले उठवाचं असंन, त्यानं हात धरून उठवा."